रंगवलेली जुनी फणेरपेटी आणि तिचा आरसा: ओळख, साफसफाई आणि जतन

फणेरपेटी आता फारशा घरांत दिसत नाही. ज्या घरात ती आहे, तिथे ती बहुधा आजीच्या किंवा पणजीच्या लग्नात आलेली असते. लाकडाची बसकी पेटी, बिजागरीने जोडलेले झाकण, झाकणाच्या आतल्या अंगाला बसवलेला आरसा आणि खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी यांसाठी केलेले कप्पे, अशी तिची साधारण रचना असते. कपाळाला आधी मेणाचे बोट लावायचे आणि त्यावर पिंजर, म्हणजे कुंकवाची पूड, टेकवायची, ही रोजची क्रिया या पेटीसमोर जमिनीवर बसून होत असे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शृंगाराच्या अशा जुन्या वस्तू बारकाईने पाहता येतात, आणि स्वतःच्या पेटीला हात लावण्यापूर्वी एकदा तिथे जाऊन यावे, असे मी सुचवीन. पुष्कळ पेट्या नुसत्या सागवानी किंवा शिसवी असतात, काहींवर पितळी पट्ट्या असतात, तर काही रंगवलेल्या असतात. पुढील विवेचन या रंगवलेल्या पेट्यांविषयी आणि भिंतीवरच्या रंगीत लाकडी चौकटींच्या आरशांविषयी आहे, कारण त्यांचीच निगा सर्वांत अवघड असते आणि चुकीच्या निगेने नुकसानही त्यांचेच सर्वाधिक होते.

अवघड असण्याचे कारण असे की रंगवलेला लाकडी आरसा ही एक वस्तू दिसत असली तरी प्रत्यक्षात त्या तीन वस्तू आहेत. लाकूड, त्यावरील रंगाचा थर आणि काचेमागचा धातूचा पातळ लेप यांचे स्वभाव वेगळे आहेत. लाकडाला हवेतील दमटपणाचे चढउतार सोसत नाहीत. रंगाला पाणी किंवा स्पिरिट, आणि कधी दोन्ही, सोसत नाहीत. काचेमागच्या लेपाला तर कशाचाच स्पर्श सोसत नाही. लाकडाला तेल पाजले की ते रंगाच्या थराखाली शिरते, काच पुसायला फवारा मारला की पाणी ओघळून खालच्या कडेतून लेपापर्यंत पोहोचते, आणि रंग उजळावा म्हणून वार्निश मारले की ते पुढे पिवळे पडून मूळ रंगासह निघते. पुढे सांगितलेली प्रत्येक कृती या तिघांपैकी दोघांना इजा न करता तिसऱ्याची काळजी घेण्यासाठी आहे.

वस्तू कशी घडली आहे, हे आधी समजून घ्या

महाराष्ट्रात रंगीत लाकडी वस्तूंचे नाव निघाले की सावंतवाडी आठवते. तेथील चितारअळीत आजही लाकडी फळे, पाट, पाळणे आणि खेळणी तयार होतात, आणि गंजिफा या जुन्या खेळाचे पत्ते रंगवण्याची कला तेथील भोसले राजघराण्याच्या आश्रयाने टिकली. विसाव्या शतकात ती लोप पावण्याच्या बेतात असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला पुन्हा उभारी दिली. गंजिफाचा पत्ता ज्या क्रमाने तयार होतो तो लक्षात घेतला, तर रंगीत चौकट समजणे सोपे जाते. कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देतात, तो वाळला की दगडाने घोटून गुळगुळीत करतात, त्यावर रंगकाम होते आणि शेवटी लाखेचे संरक्षक आवरण चढते.

लाकडावरही तत्त्व तेच असते. आधी लाकूड चांगले वाळवून रंधून घेतात, मग त्यावर खडू किंवा पांढऱ्या मातीचा लेप सरस अथवा चिंचोक्याच्या खळीत कालवून देतात. या पांढऱ्या अस्तरामुळे लाकडाच्या रेषा झाकल्या जातात आणि रंग उजळ दिसतात. रंग डिंकात किंवा सरसात खललेले असतात. लाल हिंगुळाचा किंवा गेरूचा, पिवळा हरताळाचा किंवा पेवडीचा, निळा नीळेचा, काळा काजळीचा. सर्वांत बारीक रेषा खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने ओढत. ही केसासारखी रेषा हातात भिंग घेऊन पाहावी: खऱ्या हाताने ओढलेली रेषा सुरुवातीला किंचित जाड, मध्ये सम आणि शेवटी निमुळती होते, आणि वळणावर तिचा वेग दिसतो. छापील नक्षीत किंवा साच्याने उमटवलेल्या वेलीत हा वेग नसतो.

यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की अस्तर आणि रंग दोन्ही पाण्यात विरघळणाऱ्या चिकट द्रव्याने बांधलेले असल्यामुळे, वरचे लाखेचे आवरण जिथे झिजले आहे तिथे ओला बोळा फिरवताच नक्षी बोळ्यावर येते. मी स्वतः हा धडा एका चौकटीच्या कोपऱ्यातली लाल कळी गमावून शिकलो आणि ती जागा आजही पांढरी आहे. दुसरा निष्कर्ष असा की हिंगूळ हे पाऱ्याचे आणि हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे, त्यामुळे जुना रंग पॉलिशपेपरने घासून काढणे हे कलेच्या दृष्टीने तर वाईट आहेच, पण ती धूळ नाकातोंडात जाणे आरोग्याच्या दृष्टीनेही घातक आहे.

आरसा किती जुना आहे, हे कसे ओळखावे

जुन्या वस्तूंच्या बाजारात जवळजवळ प्रत्येक आरसा ‘बेल्जियमचा’ असतो. वाड्यावाड्यांत बेल्जियमची काच आली होती हे खरे. तथापि विक्रेत्याच्या तोंडी हा शब्द मूळ देशापेक्षा किंमत सांगतो, असा माझा अनुभव आहे. नावापेक्षा काचेकडेच पाहावे.

आरशापासून दोन-तीन हात दूर उभे राहून खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब त्यात पाहा आणि डोके हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. गज सरळ न राहता हलके लहरत असतील, तर काच जुन्या पद्धतीने केलेली असण्याचा संभव आहे. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून अगदी सपाट तावदान करण्याची पद्धत इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली, त्यामुळे अजिबात न लहरणारी काच बहुधा त्यानंतरची, म्हणजे मागाहून बदललेली असते. नंतर एखाद्या नाण्याची कड काचेला हलकेच टेकवा. नाणे आणि त्याचे प्रतिबिंब यांत दिसणारी फट काचेच्या जाडीवर अवलंबून असते. लहान जुन्या आरशांत काच पातळ असल्याने ती अगदी अरुंद दिसते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न काचेमागे काय आहे हा आहे. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आरसे कथील आणि पारा यांच्या मिश्रणाने करत असत. सपाट मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरून त्यावर पारा ओतत, वरून काच सरकवत आणि वजने ठेवून जादा पारा निथळू देत. युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 मध्ये काचेवर चांदीचा थर बसवणारी रासायनिक अभिक्रिया सांगितली. ती व्यवहारात रुळायला पुढे काही दशके लागली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पारा मागे पडला. पाऱ्याचा आरसा किंचित निळसर करडा आणि मंद दिसतो, त्यात साखरेच्या कणांसारखे चमकते ठिपके पडतात आणि त्याची पाठ उघडी, राखाडी धातूसारखी असते. चांदीच्या आरशाचे प्रतिबिंब अधिक उजळ असते. कडेने काळे किंवा तपकिरी डाग पडतात आणि पाठीवर सहसा तांबूस किंवा करड्या रंगाचा संरक्षक लेप असतो. ही पाठ पाहण्यासाठी चौकटीची फळी उचकटू नये. फळीच्या फटीतून विजेरीच्या प्रकाशात जेवढे दिसेल तेवढे पुरे.

आरसा पाऱ्याचा आहे अशी शंका आली, तर तो ज्या स्थितीत उभा आहे तसाच उभा ठेवा, उलटा करू नका. काळाच्या ओघात थोडा पारा सुटून खालच्या कडेला जमतो आणि उलटा केल्यास तो चांगल्या भागावरून वाहत जाऊन लेप आणखी खराब करतो. हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, आरसा बंद कपाटात किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, आणि खाली चांदीसारखे मणी दिसल्यास ते केरसुणीने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने कदापि गोळा करू नयेत, कारण त्यामुळे पाऱ्याची वाफ घरभर पसरते. खिडक्या उघडून, दोन ताठ कागदांनी मणी एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरावेत आणि ती बाटली घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे द्यावी.

लाकूडही वय सांगते. ओबडधोबड, चौकोनी छेदाचे खिळे हाताने घडवलेले असतात. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सर्रास झाले. आणि डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकाआधीचा असू शकत नाही. अर्थात स्क्रू बदलता येतो, म्हणून एका पुराव्यावर निर्णय करू नये. झीज कुठे आहे, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. फणेरपेटीचे झाकण उचलताना अंगठा जिथे टेकतो तिथला रंग गेलेला असतो, तळाचे चार कोपरे जमिनीवर सरकून गुळगुळीत झालेले असतात, आणि कप्प्यांच्या सांध्यांत पिंजर व मेण बसलेले असते. मुद्दाम जुनी भासवलेली वस्तू सगळीकडून सारखीच खरवडलेली दिसते. जिथे कोणाचा हात कधी जाणार नाही, तिथेही.

साफसफाई

कामाला लागण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात सर्व बाजूंची छायाचित्रे काढावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. नंतर खोली अंधारी करून विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावी. समोरून सपाट दिसणारा रंग या आडव्या उजेडात खवल्यांसारखा उठलेला दिसू शकतो. तसे खवले दिसले तर साफसफाईचा विचार तिथेच सोडावा. ब्रशचा केससुद्धा त्यांना उडवून लावतो. वस्तू रंगाची बाजू वर येईल अशी आडवी ठेवून तज्ज्ञाकडे न्यावी. आरसा पाऱ्याचा असेल तर मात्र आडवे करू नये, तज्ज्ञालाच घरी बोलवावे.

रंग घट्ट असेल, तर पहिले आणि बहुतेक वेळा शेवटचे साधन म्हणजे मऊ केसांचा रुंद ब्रश. पितळी पत्र्याच्या टोप्यांत बसवलेले ब्रश वापरताना पत्र्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे रंगावर ओरखडा उठत नाही. एका हाताने धूळ हलकेच झटकायची आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून, थोड्या अंतरावर धरायची. एखादी कपची सुटलीच तर ती जाळीवर अडकते आणि कागदाच्या पुडीत, कुठून निघाली ते लिहून, जपून ठेवता येते. फडक्याने पुसू नये, कारण धुळीतले वाळूचे कण फडक्याखाली पॉलिशपेपरचे काम करतात.

यानंतरही समईच्या काजळीचा किंवा स्वयंपाकघरातल्या तेलकट धुराचा थर राहिला, तर मात्र परीक्षा घ्यावी लागते. तळाजवळची, सहज न दिसणारी जागा निवडून कापसाची काडी पाण्यात बुडवावी, टिपकागदावर टेकवून जवळजवळ कोरडी करावी आणि दोन-तीन क्षण हलकी फिरवावी. काडीवर करडा मळ आला तर ठीक. रंगाची छटा आली तर थांबावे. हीच परीक्षा प्रत्येक रंगावर स्वतंत्रपणे करावी लागते, कारण हिरवा टिकला म्हणून लालही टिकेल असे नाही. संवर्धक, म्हणजे जुन्या कलावस्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ, या कामासाठी साध्या पाण्याऐवजी पुष्कळदा स्वतःची थुंकी वापरतात, हे ऐकून वाचक हसतील. तिच्यातील विकरे मळ सैल करतात, आणि या विषयावरील संशोधनाला 2018 मध्ये इग नोबेल हा विनोदी पण खरा पुरस्कारही मिळाला. थुंकी लावलेली जागा नंतर किंचित ओल्या काडीने टिपून घ्यावी लागते, हे विसरू नये.

स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यांपैकी काहीही जवळ आणू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि एका पुसण्यात शंभर वर्षांची झळाळी चिकट डागात बदलते. आवरण लाखेचे आहे का, हे स्पर्श न करता पाहायचे असल्यास नोटा तपासायची जांभळी विजेरी अंधारात चौकटीवर धरावी. लाखेचे आवरण पुष्कळदा नारिंगी चमकते. लिंबू, चिंच, पीतांबरी यांनी पितळी कड्या चकचकीत करण्याचा मोहही टाळावा, कारण ते पाणी आणि ती पूड आजूबाजूच्या रंगावर उतरतेच.

काच पुसायची ती कोरड्या, मऊ, सूत न सुटणाऱ्या कापडाने. डाग हटत नसेल तर कापडाचे टोक ऊर्ध्वपातित पाण्याने नाममात्र ओलसर करून काचेच्या मध्यभागी वापरावे आणि चारी कडांना बोटभर जागा सोडावी. चौकटीला कापड लागू नये म्हणून जाड पुठ्ठ्याची पट्टी काच व लाकूड यांच्यामध्ये आडवी धरावी. काचेमागचे काळे डाग बाहेरून पुसून जात नाहीत. ‘आरसा नवीन करून देतो’ असे म्हणणारा दुकानदार जुना लेप आम्लाने उतरवून नवा चढवतो किंवा सरळ काच बदलतो. दोन्ही प्रकारांत मूळ आरसा संपतो. चेहरा पाहायचा असेल तर भिंतीवर दुसरा आरसा लावावा.

कप्प्यांतल्या पिंजरीबद्दल मात्र मी थोडा आग्रही आहे. सांध्यात बसलेले कुंकू, मेणाचा पिवळट वर्तुळाकार डाग, काजळाचे बोट हा मळ नाही. पेटी कोणीतरी रोज वापरली याचा तोच एकमेव लेखी नसलेला पुरावा असतो. सुटी धूळ काढावी आणि हे तसेच राहू द्यावे. शिवाय हळदीचे जुने कुंकू ओले झाले की पसरते, आणि आतल्या अस्तरात मुरलेला लाल ओघळ पुढे कधीच निघत नाही.

कीड, दमटपणा आणि जागा

लाकडात एक ते दोन मिलिमीटर रुंदीची गोल भोके दिसली म्हणजे भुंगा आहेच असे नव्हे. तो कधीच निघून गेलेला असू शकतो. पेटी काळ्या कागदावर ठेवून आठ-दहा दिवस हलवू नये. कागदावर फिकट, ताजा भुगा दिसला तरच कीड जिवंत आहे. अशा वेळी भोकात रॉकेल सोडण्याचा घरगुती उपाय रंगीत वस्तूवर करू नये, कारण ते अस्तरातून वर येऊन डाग पाडते. डांबरगोळ्या आणि कापूरही पेटीत ठेवू नयेत; त्यांची वाफ राळ व लाखेच्या आवरणांना मऊ करू शकते. जिवंत कीड असलेली वस्तू पिशवीत बंद करून इतर लाकडी सामानापासून दूर करावी आणि संवर्धकाकडे द्यावी.

दमटपणाचा प्रश्न कोकणात वेगळा आणि देशावर वेगळा. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, पण रुंदीत फुगते आणि आक्रसते; अस्तर व रंग तेवढे ताणले जात नाहीत, म्हणून तडे लाकडाच्या रेषांच्या दिशेने पडतात. पावसाळ्यात नव्वद टक्क्यांवर गेलेला दमटपणा आणि नंतर वातानुकूलित खोलीत एकदम कोरडी हवा, हा बदल सतत दमट राहण्यापेक्षाही वाईट. सावंतवाडीची पेटी लातूरला किंवा दुबईला नेली की पहिल्याच वर्षी झाकण वाकते, ते यामुळेच. अशी पेटी सुती कापडात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात गुंडाळून काही आठवडे नव्या घरात न उघडता ठेवावी, म्हणजे ती हळूहळू सवय करून घेते. झाकण बसत नसेल तर दाबून लावू नये. पावसाळा संपला की बहुधा आपोआप बसते. रंधा मारून ते बसवणाऱ्या सुताराला मार्चमध्ये फट दिसेल.

चौकट टांगायची असेल तर पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत, देवघराची बाजू आणि गॅसच्या जवळची जागा टाळावी. मूळ कडीवर भार न देता मागच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा, आणि खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे मागून हवा खेळते आणि भिंतीचा ओलावा फळीत उतरत नाही. ऊन थेट पडत असेल तर हरताळ आणि हळदीसारखे रंग आधी उडतात.

दुरुस्तीसाठी ओळखीच्या सुताराकडे किंवा रंगाऱ्याकडे जाण्यापूर्वी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातील कला संवर्धन केंद्राकडे विचारणा करावी. लखनऊ येथे 1976 पासून सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाची राष्ट्रीय प्रयोगशाळाही आहे. संवर्धकाला विचारायचा एकच प्रश्न पुरेसा असतो: तुम्ही लावलेले द्रव्य पुढे कधी काढायचे झाले तर मूळ रंगाला न दुखवता निघेल का?

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे पेटी पाठवायचा विचार असेल, तर कायदा आधी पाहावा. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पेटी त्याहून अलीकडची असेल, तरी विमानतळावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपलीच, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधीच घ्यावे. अर्जासोबत छायाचित्रे आणि मापे लागतात. साफसफाईपूर्वी काढलेली तीच इथे उपयोगी पडतात. पेटी कोणाची, कोणत्या गावाहून आणि कोणाच्या लग्नात आली, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून साध्या पेन्सिलीने कागदावर लिहावे आणि तो कागद पेटीला न चिकटवता तळाच्या कप्प्यात सुटा ठेवावा.